उशीर झालाय, पण कोणाच्या हिशेबाने?

पत्राचा सारांश: एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. वय ४४, एकत्र कुटुंब, नोकरी चालू. जावेची मुलगी १६ महिन्यांची आहे. ती धरून उभी राहते, पण अजून हात सोडून चालत नाही. ताईंचा मुलगा साडेतेरा वर्षांचा. वर्गात सगळ्यांत बुटका, रात्री जागा, सकाळी उठायला तयार नाही, घरच्यांशी तुटक बोलणं. सासूबाई ७१ वर्षांच्या. अलीकडे लोकांची नावं विसरतात, टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात, आणि आता त्यांनी एका नव्या भाषेच्या वर्गात नाव घातलं आहे. घरात यावर हशा होतो. त्या वर्गातून हिरमुसल्या होऊन परत येतील, अशी ताईंना भीती वाटते. ताईंना स्वतःला गेलं वर्षभर पहाटे तीनला जाग येते. आपण कुठेतरी अडकलोय असं वाटतं. समुपदेशनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे, अर्जाची मुदत पुढच्या महिन्यात संपते. नवरा म्हणतो, "हा मिडलाइफ क्रायसिस आहे, जाईल आपोआप." ताईंची मागणी अशी: "कोणत्या वयात काय व्हायला हवं याचा एक स्पष्ट तक्ता द्या, म्हणजे आमच्या घरात कोण मागे पडलंय ते मला कळेल. माझंच कुठेतरी लक्ष कमी पडलं असं सारखं वाटतं."

प्रिय ताई,

तुम्ही मागता तसे तक्ते आहेत. त्यांतले काही फार मेहनतीने तयार झाले आहेत, आणि त्यांतला तुमच्या कामाचा भाग मी पुढे देणार आहे. पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. चार माणसांच्या चार निराळ्या गोष्टी तुम्ही एकाच शब्दाखाली मांडल्या आहेत, उशीर. बाळाच्या चालण्याला उशीर, मुलाच्या उंचीला उशीर, तुमच्या शिक्षणाला उशीर, आणि सासूबाईंच्या शिकण्याला तर फारच उशीर. यातल्या पहिल्या दोन गोष्टी शरीराच्या वेळेने घडतात. शेवटच्या दोन गोष्टींना उशीर झाला की नाही हे लोकांनी ठरवलेलं आहे.

शरीराच्या वेळेत मोकळीक बरीच असते, पण तिला काही पक्क्या सीमाही असतात आणि त्या ओलांडल्या गेल्या तर थांबून चालत नाही. लोकांच्या वेळेचं तसं नसतं. ती एका पिढीत बदलते, एका घरातून दुसऱ्या घरात गेलं तरी बदलते. या दोन्हींची सरमिसळ झाली की माणूस जिथे काही बिघडलेलं नाही तिथे घाबरतं, आणि जिथे खरोखर तपासायला हवं तिथे "वयाने होतं असं" म्हणून गप्प बसतं. तुमच्या पत्रात दोन्ही झालं आहे असं मला वाटतं.

आधी पुतणीचं बघू, तिथलं उत्तर त्यातल्या त्यात सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या नोंदी ठेवल्या होत्या. बाळ कधी बसतं, कधी रांगतं, कधी चालतं, हे महिन्यामहिन्याने पाहिलं. आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला निघाला. नऊ महिन्यांहून जास्त अंतर, आणि दोन्ही टोकांची मुलं धडधाकट. शंभरातली साधारण चार मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि तरीही वेळेत चालली. म्हणजे तक्त्यातली सरासरी हा त्या पट्ट्याचा मधला भाग असतो, शेवटची तारीख नसते. १६ महिन्यांची, धरून उभी राहणारी मुलगी या पट्ट्यात बसते.

जावेला आठवडे मोजत बसण्यापेक्षा दिशा बघायला सांगा. गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात काही नवं येतंय का? पलंगाची कड धरून ती बाजूला सरकते का? दोन्ही पाय, दोन्ही हात सारखेच वापरते का? हाक मारली की वळून बघते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? हे होत असेल तर तिला जमिनीवर, अनवाणी, भरपूर मोकळं सोडा. वॉकर आणला असेल तर तो बाजूला ठेवा. वॉकरने मूल लवकर चालत नाही, उलट त्यात बसल्यामुळे चालण्याचा सराव बुडतो आणि अपघात होतात. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

आता सीमा. १८ महिने पूर्ण झाले आणि ती हात सोडून चालली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंच. पाय फार कडक किंवा फार लुळे वाटत असतील, एकच बाजू ओढत असेल, तर १८ महिन्यांचीही वाट बघू नये. आणि कोणत्याही वयाच्या मुलाला आधी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, बोलत असलेले शब्द थांबले, नजरेला नजर देणं थांबलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. उशिरा येण्यापेक्षा आलेलं परत जाणं हे कितीतरी गंभीर लक्षण आहे, आणि घरोघरी नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं. बोलण्याच्या बाबतीत साधारण १६ महिन्यांपर्यंत एखादा तरी अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं यायला हवं. नसेल तर सर्वांत आधी कान तपासून घ्यायचे.

या वयाच्या मुलांबद्दलची आणखी एक माहिती मला फार आवडते. कॅरेन अॅडॉल्फ या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळत असताना मोजदाद केली. सरासरी तासाला २,३६८ पावलं, आणि तासाला १७ वेळा पडणं. कोणी त्यांना हसत नाही, म्हणून ती पुन्हा उठतात. हा आकडा लक्षात ठेवा, सासूबाईंच्या वेळी मला तो लागणार आहे.

मुलाचा विषय जास्त गुंतागुंतीचा आहे आणि तुमचा सगळ्यात मोठा ताणही तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत, १७५९ ते १७७७, नियमाने मोजून ठेवली. एकाच मुलाच्या वाढीची इतकी वर्षं ठेवलेली ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. तिच्यात आजही दिसतं ते असं की वाढ एका वेगाने होत नाही. पहिल्या वर्षी ती झपाट्याने होते, मग वर्षानुवर्षं मंदावत जाते, आणि पौगंडावस्थेत एकदम उसळी घेते. ही उसळी कधी येणार यावर त्या काही वर्षांतलं सगळं चित्र अवलंबून असतं. मुलींमध्ये पौगंडावस्था साधारण ८ ते १३ या वयात सुरू होते, मुलांमध्ये ९ ते १४ या वयात. मुलींची उंची या बदलांच्या सुरुवातीलाच वाढते. मुलांची उंची मधल्या-शेवटच्या टप्प्यात, साधारण दोन वर्षं उशिरा. म्हणून आठवीच्या वर्गात मुली उंच दिसतात, आणि मुलांमध्ये एकाला मिसरूड फुटलेली असते तर त्याच्याच बाकावरचा दुसरा अजून लहान मुलगाच दिसतो. दोघांचं जन्मवर्ष एक असतं, शरीराचं वय एक नसतं.

घरी दोन गोष्टी करता येतील. तुमची आणि यजमानांची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, बेरीज करा, त्यात १३ मिळवा आणि निम्मे करा. (मुलगी असेल तर १३ वजा.) येणाऱ्या आकड्याच्या आठ-नऊ सेंटिमीटर पुढेमागे बहुतेक मुलांची उंची स्थिरावते. दुसरं, यजमानांना आणि तुमच्या भावांना विचारा, ते केव्हा वाढले? दहावीपर्यंत बुटके होते आणि मग एकदम सुटले, असं कोणी म्हणालं तर अर्धी चिंता तिथेच मिटेल. उशिरा वाढण्याची ही चाल घराण्यात चालत येते. त्यात कोणाचं लक्ष कमी पडल्याचा संबंध नसतो.

शाळेतल्या किंवा दवाखान्यातल्या जुन्या नोंदी मिळाल्या तर त्या काढा. वाढीचा आलेख बघताना एका दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही. दोन-तीन वर्षांची रेषा सांगते. आणि दहावा पर्सेंटाइल म्हणजे दहा टक्के मार्क नव्हेत! शंभर निरोगी मुलं उंचीने ओळीत उभी केली तर कोणीतरी दहावं असणारच. मूल वर्षानुवर्षं त्याच रेषेवर चालत असेल तर ते त्याच्या वाटेने वाढतंय. रेषा सोडून खाली सरकत असेल, वर्षाला चार सेंटिमीटरसुद्धा वाढत नसेल, वजन घटत असेल, पोट सतत बिघडत असेल, डोकेदुखीबरोबर नजर अंधुक होत असेल, किंवा १४ पूर्ण होऊनही पौगंडावस्थेची एकही खूण नसेल, तर डॉक्टरकडे जा. ते बहुधा डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतील. त्यावरून पुढे किती वाढ शिल्लक आहे याचा अंदाज येतो. उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांच्या जाहिरातींपासून मात्र त्याला आणि स्वतःलाही लांब ठेवा. त्याच्या वयाची मुलं त्या गुपचूप मागवतात.

झोपेबद्दल. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ खरोखरच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे दहा वाजता आडवं होऊनही त्याला झोप येत नाही. तो मुद्दाम करतो असं नाही. गरज मात्र कमी झालेली नसते; १३ ते १८ या वयात आठ ते दहा तास झोप हवी असं झोपतज्ज्ञ सांगतात. शाळा लवकर असेल तर हिशेब जमत नाही आणि मूल दिवसभर चिडचिडं राहतं. मोबाइल रात्री खोलीबाहेर (तुमचाही, म्हणजे हा नियम शिक्षा वाटणार नाही), सकाळी उठल्याबरोबर उजेडात नेणं, सुटीच्या दिवशी दोन तासांहून जास्त उशीर न करणं, इतकं केलं तरी फरक पडतो. "आळशी झालायस" हे वाक्य मात्र बंद करा. त्याने काहीच होत नाही, फक्त दोघांतलं बोलणं आणखी कमी होतं.

तुटक बोलण्याचंही तसंच. मेंदूचा नियोजनाचा, स्वतःला आवरण्याचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. पण बक्षीस, थरार आणि मित्रांचं मत यांना प्रतिसाद देणारा भाग तेराव्या-चौदाव्या वर्षीच पूर्ण जोरात असतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोरवयीन मुलं गाडी चालवण्याच्या खेळात मित्र बघत असताना कितीतरी जास्त धोका पत्करत होती. मोठ्यांवर मित्रांच्या असण्याचा फारसा परिणाम झाला नाही. तुमच्या मुलाला या घडीला मित्रांच्या नजरेत आपण कसे दिसतो याचंच सगळ्यात ओझं आहे, आणि तो वर्गात सगळ्यांत बुटका आहे. घरी येऊन तो काही बोलत नसेल तर ते ओझं बाहेर दाखवायला नको म्हणूनही असेल. तेव्हा पाहुण्यांसमोर उंचीचा विषय कोणी काढला तर तो तिथल्या तिथे बदला. एकदा, दोघंच असताना, वर लिहिलेली शरीराच्या वयाची गोष्ट त्याला सांगा. समोरासमोर बसवून नको. कुठे जाता-येताना, शेजारी बसून. मुलं अशा वेळी ऐकतात, चेहऱ्यावर दिसलं नाही तरी.

फक्त हे लक्षात असू द्या: दोन आठवड्यांहून जास्त सतत उदास, मित्रही नकोसे, जेवण सुटलेलं, अभ्यास एकदम कोसळलेला, असं दिसलं तर ते "वयाचं" म्हणून सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगण्याला अर्थ नाही अशा अर्थाचं काही तो बोलला, चेष्टेत का होईना, तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

आता सासूबाई. त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करायला हव्यात.

पहिली, नावं विसरणं. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन अडकणं आणि तासाभराने आठवणं हे सत्तरीत नेहमीचं आहे. तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, वर्षानुवर्षं सांभाळलेला हिशेब किंवा औषधांच्या वेळा न जमणं, स्वभाव एकदम बदलणं, हे नेहमीचं नाही. यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम, अशी बरी होण्यासारखी कारणंही असतात आणि ती शोधल्याशिवाय सापडत नाहीत.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलेली टीव्हीच्या आवाजाची गोष्ट मला तुमच्या सगळ्या तक्रारींपेक्षा महत्त्वाची वाटली. त्यांचे कान तपासा, वर्ग सुरू होण्याआधीच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळण्याजोगे धोके सांगितले, त्यांत ऐकू कमी येणं आहे. शिवाय साधी गोष्ट, नाव नीट ऐकूच आलं नाही तर ते आठवणार कसं? चष्मा लागला की आपण दुसऱ्या दिवशी दुकानात जातो, ऐकू कमी आलं की दहा वर्षं काढतो. हेच ते "वयाने होतं असं".

दुसरी गोष्ट, त्यांचं शिकणं. इथे माझं मत स्पष्ट आहे, त्यांनी जावं आणि घरातलं हसणं थांबावं. पंचविशीपर्यंत माणूस वाढतो आणि नंतर नुसता उतरतो, ही समजूत तुमच्या पत्रात सगळीकडे आहे. ती खरी नाही. जोशुआ हार्टशॉर्न आणि लॉरा जर्माइन यांनी २०१५ मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवलं की बुद्धीच्या वेगवेगळ्या क्षमता वेगवेगळ्या वयात शिखरावर असतात. माहितीवर झटपट काम करण्याचा वेग अठरा-एकोणिसाव्या वर्षी. दुसऱ्याच्या डोळ्यांतून भावना ओळखणं चाळिशी-पन्नाशीत. शब्दसंपत्ती साठीच्या शेवटी, सत्तरीच्या आसपास. तुमच्या घरात शब्द सगळ्यांत जास्त कोणाकडे असतील तर सासूबाईंकडे.

त्यांना नवी भाषा विशीतल्या मुलीच्या वेगाने येणार नाही, हेही खरं. उच्चार कदाचित कायम त्यांचेच राहतील. पण वेग कमी झाला म्हणून शिकणं बंद होत नाही, आणि शरीराबाबतही हेच दिसलंय. मारिया फियातारोने या डॉक्टरांनी १९९० साली वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. तो पूर्ण करणाऱ्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आपण त्या वयाच्या माणसाला खुर्चीतून उठू देत नाही.

पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी उतारवयात नीट जगणाऱ्यांची एक रीत सांगितली आहे. गोष्टी कमी निवडायच्या, निवडलेल्यांचा सराव वाढवायचा, आणि जे कमी पडतं त्याला दुसरा मार्ग शोधायचा. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण ते देत. म्हातारपणी ते मोजक्याच रचना वाजवत, त्यांवर जास्त मेहनत घेत, आणि जलद भागाच्या आधीचा भाग थोडा संथ वाजवत, म्हणजे पुढचा भाग वेगवान वाटे. सासूबाईंच्या वर्गासाठीही हेच करता येईल. पहिल्या रांगेत बसायचं, दिवसाला थोडेच शब्द घ्यायचे आणि ते मोठ्याने म्हणायचे, मोठ्या अक्षरांची वही, आणि परीक्षा नको असेल तर ती द्यायची नाही असं वर्गात आधीच सांगायचं.

त्या चुकतील, नक्की चुकतील. पुतणी तासाला सतराएक वेळा पडेल तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवणार आहात. सासूबाईंच्या पहिल्या चुकीच्या वाक्याला घरात काय होतं, यावर त्या दुसऱ्या आठवड्यात वर्गाला जातील की नाही हे बरंचसं ठरेल. तुमच्या मुलाला रोज दहा मिनिटं त्यांचे शब्द घोकून घ्यायला सांगा. घरात कोणालातरी काहीतरी शिकवतोय, ही गोष्ट त्यालाही हवीच आहे.

बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेला एक निष्कर्षही घरच्यांना सांगण्यासारखा आहे. म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारी माणसं, तसं न बघणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. नजर चांगली असली की आयुष्य वाढतंच, असा सरळ दावा मी त्यावरून करणार नाही. माणसाच्या आयुष्यात इतर हजार गोष्टी असतात. पण "आता या वयात काय" हे वाक्य घरात रोज ऐकू येणं निरुपद्रवी आहे, असं मात्र मला मुळीच वाटत नाही.

राहिलात तुम्ही. चौघांत सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत कमी ओळींत तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत.

पहाटे तीनला येणारी जाग आधी घेऊ. वर्षभर झोप मोडतेय आणि तुम्ही तपासणी केल्याचं लिहिलेलं नाही. मासिक पाळी थांबण्याचं वय बहुतेक स्त्रियांमध्ये ४५ ते ५५ असतं, आणि त्याआधीची काही वर्षं शरीरात उलथापालथ चालू असते. पाळी पुढेमागे होणं, रात्री घाम, झोप मोडणं, उगाच रडू येणं, शब्द न आठवणं. कित्येक बायका या वर्षांत स्वतःला दोष देत बसतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघा, मन सतत खचलेलं असेल तर तेही त्यांना सांगा. यावर उपाय आहेत. हा शरीराचा भाग झाला.

आता यजमानांचं निदान. 'मिडलाइफ क्रायसिस' ही कल्पना एलियट जाक या मनोविश्लेषकाने १९६५ साली मांडली, स्वतः ४८ वर्षांचे असताना. त्यानंतर ते आणखी जवळपास चार दशकं काम करत राहिले. पुढे मोठ्या पाहण्या झाल्या तेव्हा दिसलं की अमेरिकेतल्या साधारण एक चतुर्थांश लोकांनी आपल्याला असा पेचप्रसंग आल्याचं सांगितलं, आणि त्यातलेही बरेच जण नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट, जवळच्यांचा मृत्यू अशा घटनांबद्दल बोलत होते. म्हणजे चाळिशीत प्रत्येकाला तो येतो आणि आपोआप जातो, असं काही नाही. यजमान वाईट हेतूने बोलत नसतील. पण त्या शब्दांनी तुमचं म्हणणं ऐकायचं राहून जातं.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यात मधल्या वयाचं मुख्य काम त्यांनी असं सांगितलं की आपल्याजवळ जे आहे ते पुढच्यांसाठी वापरणं, जपणं, घडवणं. ते जमलं नाही तर अडकल्याची, साचल्याची भावना येते. तुम्ही पत्रात जवळजवळ हेच लिहिलंय, आणि तुम्हाला शिकायचंय तेही दुसऱ्यांना आधार देण्याचंच शास्त्र. मला यात आजारापेक्षा वाढ दिसते. आणि तक्त्यांवर फार भरवसा ठेवणाऱ्यांसाठी हेही सांगते की एरिक्सन यांच्या पत्नी जोन यांनी आयुष्याच्या नव्वदीत त्याच आराखड्याला नववा टप्पा जोडला. इतकं जगून बघितल्यावर, आठ टप्प्यांत सगळं मावत नाही हे त्यांना कळलं होतं.

मग तुम्हाला अडवतंय काय? पैसे आणि वेळ यांचा प्रश्न खरा आहे, त्यावर मी शेवटी येते. पण पत्रात जागोजागी "लोक काय म्हणतील, या वयात कॉलेज" हे आहे. बर्नीस न्यूगार्टन या समाजशास्त्रज्ञ-मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात यालाच समाजाचं घड्याळ म्हटलं. लग्न कधी, मूल कधी, निवृत्ती कधी, याच्या वेळा कुठेही लिहिलेल्या नसतात आणि सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या १९६५ च्या अभ्यासात एक मजेदार गोष्ट निघाली. 'बहुतेक लोकांना' वयाची बंधनं जितकी महत्त्वाची वाटतात असं माणसं सांगत होती, तितकी ती त्यांना स्वतःला वाटत नव्हती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मताला घाबरत होता, आणि तो दुसराही तसाच. तुमच्या घरात सासूबाईंवर हसणाऱ्यांत तुम्ही होतात की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण त्या हशातून तुम्ही स्वतःसाठी एक उत्तर काढून बसला आहात हे दिसतं. त्यांना हसतात, मग मला तर हसतीलच.

"माझंच लक्ष कमी पडलं" याबद्दलही बोलायला हवं. बाळाच्या चालण्याची वेळ, मुलाच्या वाढीची उसळी, सासूबाईंच्या स्मरणाचा वेग, यातलं काहीही तुमच्या लक्ष देण्याने मागेपुढे झालं नसतं. लक्ष जिथे उपयोगी पडतं त्या गोष्टी मर्यादित आहेत. झोप, सकस जेवण, तपासण्या वेळेवर, आणि कोणी बोलू लागलं की हातातलं काम ठेवून ऐकणं. त्यांतल्या बऱ्याचशा तुम्ही करताच आहात.

अभ्यासक्रमाचं ठरवताना तीन वाटा दिसतात. नोकरी सोडून पूर्ण वेळ शिकायचं. नोकरी ठेवून अर्धवेळ किंवा दूरस्थ पद्धतीने, जास्त काळ घेऊन शिकायचं. किंवा वर्षभर थांबायचं. पहिली वाट मी आज सुचवणार नाही. वर्षभर झोप नीट नसताना इतका मोठा बदल करू नये. तिसरी वाट वाईट नाही, पण थांबायचं तर कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून ठेवा. नाहीतर मुलाची दहावी, मग बारावी, मग त्याचं कॉलेज, असं करत ती पन्नाशीच्या पुढे जाईल. मला दुसरी वाट बरी वाटते. ती आहे का हे संस्थेला फोन करून विचारा, फी हप्त्यांनी भरता येते का विचारा. आठवड्यातल्या कोणत्या दोन संध्याकाळी घरातलं कोण काय बघेल, हे यजमान, जाऊ आणि तुमचा मुलगा यांच्याबरोबर बसून ठरवा. "मला परवानगी हवी" अशी सुरुवात करू नका. "मी अर्ज करतेय, मंगळवार-गुरुवारचं कसं जमवायचं?" इथून सुरू करा.

डॉक्टरांची वेळ या आठवड्यात घ्या. अर्जही याच आठवड्यात भरा, तपासणीचा निकाल येईपर्यंत तो अडवून ठेवू नका. प्रवेश मिळाल्यावर नाही म्हणता येतं, मुदत गेल्यावर हो म्हणता येत नाही. आणि सासूबाईंच्या कानाची तपासणी त्याच फेरीत उरकता आली तर त्यांना बरोबर घेऊन जा. जाता-येता त्यांना विचारा, ही भाषा शिकायची त्यांना केव्हापासून इच्छा होती. पत्रावरून वाटतं की घरात हे अजून कोणी विचारलेलं नाही.